सत्यभामाबाईंचे उपवास

एकदा एका मठात एका बाईच्या उपवासांचा सत्कार ठरला. हसू नका, आपल्याकडे अशा गोष्टींचेही सत्कार होतात. बाईंचे नाव सत्यभामा. साठी उलटलेली, पदरी तीन मुले. लग्न असो की कीर्तन, कुठेही जायचे म्हटले की बाई आदल्या दिवसापासून अन्नाला शिवत नसत. लोक म्हणत, केवढी ही निष्ठा! थोरला मुलगा वामन मठाच्या आचार्यांचा शिष्य होता. सत्काराचा घाट त्यानेच घातला होता.

खरे कारण फक्त बाईंना ठाऊक होते. शौचाची भावना झाली की त्यांना क्षणभरही दम धरवत नसे. एकदा एका बारशात, भर बायकांत, लुगडे खराब झाले होते. तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला. पोट रिकामे असले म्हणजे अब्रू शाबूत राहील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

सत्काराच्या दिवशी वामनने आईला हौसेने पुढे, भरल्या सभेत मधोमध बसवले. दाराजवळची नेहमीची जागा गेली. निरूपण सुरू झाले आणि थोड्याच वेळात, पोटात अन्नाचा कण नसतानाही, कळ आली. बाईंना दरदरून घाम फुटला. उठावे तर सगळे बघणार. न उठावे तर? देवा, आज नको रे! लेकाच्या देखत नको! पदर मुठीत आवळून त्या दाराकडे बघत राहिल्या. ते फार लांब होते.

तोच आचार्य बोलता बोलता थांबले. आसनावरून उतरले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मला परसाकडे जायचे आहे. या वयात थांबवत नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनीही जाऊन यावे. वाट द्या!"

सभेत कुजबुज सुरू झाली. वामनने शरमेने मान खाली घातली. सत्यभामाबाई मात्र उठल्या आणि त्यांच्यामागून आणखी कितीतरी वयस्क बायका उठल्या.

सभा संपल्यावर वामन चिडूनच म्हणाला, "गुरुजी, हे काय केलंत? थोडा वेळ थांबला असतात तर?"

"मी थांबू शकलो असतो," आचार्य म्हणाले. "तुझी आई थांबू शकली नसती. नेहमी दाराजवळ बसणारी ती, आज घामाघूम होऊन दाराकडे बघत होती, ते मी आसनावरून पाहिले. वयाने सर्वांचेच ते स्नायू सैल पडतात, बाबा. पण पुरुषाची पकड मुळात अधिक असते, आणि स्त्रीच्या वाट्याला वर बाळंतपणाची ओढाताण येते. तुझ्या वेळी ती फार अडली होती, हे तूच मला एकदा सांगितले होतेस. तरुणपणी ती दुखापत झाकली गेली, आता उतारवयात वर आली. ती घाबरून उपाशी राहत होती, आणि आपण तिला शाल पांघरायला निघालो!"

बाई खांबाआड उभ्या होत्या. लेकाला कळले, या विचाराने त्यांनी पदर तोंडावर ओढला. आचार्य त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बाई, उपाशी राहून हे बरे होत नाही. वेळेवर जेवा. रोज बसल्या बसल्या ती जागा आवळून धरायची आणि सोडायची. नेम ठेवा, पुष्कळ फरक पडतो."

पंगतीच्या वेळी वामन आईजवळ आला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हते.

"आई, तुझं पान दाराजवळ मांडलंय. मी शेजारी बसतो. जेवशील ना?"

बाई पानावर बसल्या. घास उचलून त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. मग त्यांनी तो तोंडात घातला.