बावीस घरांना एकच हेडफोन

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष इनामदार रोज सकाळी दोन तास गच्चीत मोठ्ठ्या स्पीकरवर गझला लावायचे. रात्रपाळी करून दमून येणाऱ्या नर्स जगदाळेबाईंनी भर सभेत तक्रार केली, तर स्वारी उखडली. "त्रास होतोय ना? मग बावीसही घरांसाठी बाहेरचा आवाज अडवणारे वायरलेस हेडफोन निवडून आणा. पैसे सोसायटी देईल!"

बाईंनी दुकानात तासभर पारखून, कानांना न टोचणारा हलका हेडफोन निवडला आणि पुढच्या सभेत अध्यक्षांसमोर ठेवला.

"बावीस घरांना एकच?" इनामदार हसले.

"बावीस कशाला? गझला ऐकणारे तुम्ही एकटेच," बाई म्हणाल्या. "घ्या, तुमच्यासाठीच आणलाय."

दुसऱ्या दिवशी इनामदार गच्चीत एकटेच मान डोलवत होते, आणि खाली जगदाळेबाई ढाराढूर झोपल्या होत्या.