बियाण्याचा झेंडू

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर रुसला. विद्वान माणूस रुसला म्हणजे जेवण सोडत नाही, बोलणे सोडतो. याचेही तसेच झाले.

कारण साधे होते. मठात बारा वर्षे अध्ययन करून तो सर्वांच्या पुढे गेला होता. यंदा प्रवचनाचे आसन आपल्यालाच मिळणार, अशी त्याची खात्री होती. गुरूंनी मात्र सांगितले, "दसऱ्यापासून तू लहान मुलांना अक्षरं शिकव." हा अपमान त्याच्या फार जिव्हारी लागला. नेमका त्याच सुमारास एक व्यापारी मठात आला. "आमच्या नगरात चला, तुमच्यासाठी सभामंडप बांधतो," असे शिष्याला म्हणून गेला. दसऱ्याला तो उत्तर न्यायला येणार होता आणि शिष्याने मनातून होकार दिलेलाच होता.

दसऱ्याच्या सकाळी तोरणासाठी झेंडू खुडायला शिष्य मळ्यात गेला. यंदाही फुले बारीकच होती. फक्त पाच झाडे अशी की त्यांची फुले पाहत राहावीत. पण त्या पाचही झाडांना गुरूंनी लाल दोरा बांधला होता. "त्यांना हात लावू नकोस," ते म्हणाले, "बाकीची घे." म्हाताऱ्याला आता देवाच्या दाराचेही भान उरले नाही, असे शिष्याला वाटले. तो बारीक फुले ओवत बसला.

व्यापारी आला आणि तोरण पाहून थबकला.

"महाराज, एवढी टपोरी फुलं झाडावर ठेवून दाराला ही?"

"ती बियाण्याची आहेत," गुरूंनी उत्तर दिले.

व्यापारी हसला. "बियाणं काय, दिवाळीनंतर झाडाला जे उरेल त्याचं धरायचं. सगळे तसंच करतात."

"आम्हीही तेच केलं," गुरू म्हणाले आणि शिष्याकडे वळले. "तू आलास तेव्हा इथला झेंडू केवढा होता?"

शिष्याला बोलावे लागले. "एका फुलानं ओंजळ भरायची."

"माती तीच आहे, पाणी तेच आहे. दरवर्षी आपण पहिली, भरदार फुलं शोभेला खुडली आणि थकलेल्या झाडावर उशिरा आलेल्या फुलांचं बी पुढच्या वर्षाला ठेवलं. झेंडू लहान होत गेला, तो आपल्या हातानं." मग त्यांनी विचारले, "मुलांच्या वर्गावर मी आजवर कोणाला बसवलं, आठवतं?"

शिष्याला चांगले आठवत होते. ज्याला प्रवचन जमत नसे, ज्याची स्मृती गेली, त्याला तिथे बसवत. त्याला स्वतःला शिकवणारे आचार्य तर पाठ देता देता डुलक्या घेत. त्यांच्याकडून बसलेले चुकीचे उच्चार मोडायला त्याला पुढे दोन वर्षे लागली होती.

"तुझा अपमान करायचा नव्हता मला," गुरू म्हणाले. "माझी चूक सुधारायची होती. त्यासाठी माझ्याजवळ जे सगळ्यात चांगलं होतं, ते मी तिथे ठेवत होतो. तरी जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही."

इतके दिवस धरलेल्या अबोल्याची शिष्याला लाज वाटली.

"मग काय, गाडी जोडायला सांगू?" व्यापाऱ्याने विचारले.

"नाही शेटजी, तुम्ही निघा," शिष्य म्हणाला. "आज पाटीपूजन आहे. मुलं येतीलच आता."

मुले आली. हळदीकुंकू वाहिलेल्या पाट्या मांडून ओळीने बसली. शिष्य त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, पहिल्या मुलीचा हात आपल्या हातात घेतला आणि सावकाश, वळण सांभाळत, 'श्री' गिरवू लागला.