भैरोबाला बांधलेलं फडकं

या, अशा सावलीला या पाव्हणं. फक्त पाट्यांना पाय लावू नका, अंजीर नाजूक जिन्नस आहे. ही तिरवड्याची पेठ, ही चौखंड्यांची पेढी, आणि पेढीच्या दारात हा भैरोबा. शेंदूर काय, सगळ्याच देवांना असतो. पण अंगाभोवती असं जाडंभरडं फडकं गुंडाळलेला भैरोबा या मुलखात दुसरा सापडायचा नाही. फडकं विरलं की पेढीची सून नवं बांधते. नवखी माणसं हसतात, विचारतात, तुमच्या देवाला थंडी वाजते काय? थंडीबिंडी काही नाही. ते फडकं बाजाराचं आहे. देव नुसता सांभाळतोय.

पूर्वी इथला लिलाव मुक्यानं चालायचा, असं सांगतात. अडत्यानं उजवा हात फडक्याखाली धरायचा, घेणाऱ्यानं आपला हात आत सारायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाहेर नुसतं फडकं हलायचं. ज्यानं वर्षभर बाग राखली तो बागवाला शेजारी उभा असायचा, पण काय ठरलं ते अडत्यानं सांगितलं तरच त्याला कळायचं. या विद्येत रखमाजी चौखंड्यांना तोड नव्हती. समोरच्याच्या बोटाचा दाब लागला की हा आणखी किती चढेल ते त्यांना आधीच उमगे म्हणे. त्या एका हाताच्या जोरावर त्यांनी ही पेढी उभी केली.

बयजाबाई त्यांची कारभारीण. ती पेढीवर बसत नसे. मागच्या पडवीत पाट्या भरून घ्यायची, तळाला पान, पानावर अंजीर, पिकलेलं वेगळं, कच्चं वेगळं. तिच्या नजरेतून डागी फळ सुटायचं नाही आणि तिच्या तोंडातून आळशी माणूस सुटायचा नाही. पेठेत म्हणायचेच, रखमाजीचा हात आणि बयजाची जीभ, दोन्हींशी वाकडं घेऊ नये.

मग एका वर्षी, ऐन मिठ्या बहारात, म्हणजे अंजिराच्या उन्हाळी हंगामात, गाडी खाली करताना बैल बुजले आणि रखमाजींचा उजवा हात चाकाखाली आला. वैद्यानं माणूस वाचवला. बोटं काही वाचली नाहीत.

रखमाजी भिंतीकडे तोंड करून निजले ते उठेनात. "हात गेला, पेढी गेली," एवढंच म्हणायचे.

"पेढी काय बोटांवर उभी होती?" बयजाबाईनं विचारलं.

"बोटांवरच उभी होती, बयजे."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते तिला लागलं.

पुढच्या बाजाराला डोंगराकडचे बागवाले नेहमीसारखे पाट्या घेऊन दारात हजर. अंजीर काही कुणाचं दुखणं बघून पिकायचं थांबत नाही. सकाळचं फळ दिवस कलला की कुणी हातात धरत नाही. समोरच्या पेढीचे नाना लोखंडे ओट्यावरूनच म्हणाले, "माल इकडं आणा रं! चौखंड्यांच्या घरी आधीच आजार, त्यांना कशाला तरास?" बोलणं मधाचं आणि डोळा पाट्यांवर. बयजाबाई काय दुधखुळी होती? एकदा बागवाला समोरच्या ओट्यावर चढला की तो परतून येत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. आज पेढी उघडली नाही, तर ती कायमचीच मिटणार.

तिनं नवऱ्याला उठवलं, तोंड धुववलं, डोईला पागोटं घालून गादीवर आणून बसवलं. रखमाजींनी फडक्याखाली डावा हात धरला.

पहिले पुढं आले दादूमियाँ बागवान, पेढीचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांनी हात आत घातला आणि विस्तव लागल्यासारखा मागं घेतला. "रखमाजी," ते खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही जीव मागा, देतो. पण सौदा डाव्या हातानं? बरकत जाती हो."

त्यांचंही काय चुकलं? त्या काळी डाव्या हातानं कुणी फूलसुद्धा द्यायचं नाही. बाकीचे घेणारेही दोन पावलं सरकले. रखमाजींनी हात हळूच धोतरात लपवला, ते बयजाबाईनं पाहिलं. हा अपमान बघायला का आपण त्यांना अंथरुणातून ओढून आणलं?

ती तडक गादीवर जाऊन बसली. फडक्याखाली आपला हात धरला. "घ्या. हा उजवा आहे."

झालं! परस्त्रीचा हात, तोही फडक्याखाली! कुणी आभाळाकडे बघतोय, कुणी वहाणेकडे. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. ऊन चढत होतं, पाट्यांवर गांधीलमाश्या घोंगावू लागल्या होत्या. एका बागवाल्यानं गुपचूप आपल्या पाटीचा काठ धरला आणि नाना लोखंड्यांच्या ओट्याकडे पाहिलं.

तेव्हा बयजाबाईचं डोकं फिरलं. "डावा नको, बाईचा नको! अरे, तुम्हाला अंजीर पायजे का हात पायजे?" असं म्हणून तिनं फडकं खसकन ओढलं, भैरोबापुढं गेली आणि देवाच्या अंगाभोवती गुंडाळून गाठ मारली. "देवा, हे तुझ्या हवाली. आजपासून या पेढीवर भाव तोंडानं बोलायचा, ज्याचा माल त्याच्या देखत. पुन्यांदा इथं फडक्याखाली सौदा झाला, तर माझ्या घरची चूल विझू दे."

अशी शपथ कुणी घेतं का? आणि म्हणे, भर चैत्रात एक ढग आला नि नेमका पाट्यांवर सावली धरून थांबला. चैत्रात ढग कुठला, असं म्हणाल. जे सांगत आले तेच सांगतोय. बागवाल्यानं मात्र पाटीचा काठ सोडला, एवढं खरं.

बयजाबाईनं पहिली पाटी उचलून ओट्यावर ठेवली. "बोला!"

कोण बोलणार? जन्मभर ज्यांनी बोटांनी सौदे केले त्यांना चारचौघांत भाव उच्चारायची लाज. बयजाबाई पुन्हा म्हणाली, "बोला की!" पण फळ पारखणं निराळं आणि गिऱ्हाईक चढवणं निराळं. ते तिला कधी येतच नव्हतं. पहिल्यांदाच तिची जीभ टाळ्याला चिकटली. शपथ तर घेऊन बसले, आता हसं होणार, असं तिला वाटलं.

आणि गादीवरून आवाज आला.

"दादूमियाँ, एरवी माझी बोटं मोडेस्तोवर दाबत होता. आज दातखीळ बसली व्हय?"

पेठ खो खो हसली. दादूमियाँही हसले, आणि हसता हसता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाटीला बारा आणे!"

"बारा आणे? ते तर नुसत्या पानांचे झाले! आता अंजिरांचं बोला!"

"चौदा!" मागून कुणीतरी ओरडलं. "रुपाया!" तिसरा म्हणाला. रखमाजी गादीवर उभे राहिले. वीस वर्षं त्या गादीवर त्यांना आवाज चढवावा लागला नव्हता. माणसात एवढी मोठी हाक आहे, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं. कुणाला चिडवत, कुणाला चुचकारत ते भाव चढवत गेले, आणि बयजाबाई एकेक पाटी पुढं सारत राहिली. डोळे पुसायला तिला सवड नव्हती. एक म्हातारा बागवाला पागोटं सावरीत म्हणाला, "माझ्या मालासाठी इतकी माणसं भांडत्यात, हे मला ठावंच नव्हतं!"

ऊन डोक्यावर यायच्या आत ओटा मोकळा झाला. त्यानंतर डोंगराकडच्या पाट्या समोरच्या ओट्यावर गेल्या नाहीत. दोन बहार नाना लोखंडे रुसून बसले, तिसऱ्याला मुकाट्यानं आले आणि आपलं फडकंही भैरोबाला बांधून गेले.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट शेवटचीच. सौदा पटला की घेणाऱ्याच्या हातावर एक अंजीर ठेवायची रीत होती. बोलण्याच्या भरात रखमाजी विसरले आणि त्यांनी दादूमियाँपुढं अंजीर धरलं ते डाव्या हातानं. मग ध्यानात आलं. हात तसाच अधांतरी राहिला. दादूमियाँनी त्या हाताकडे पाहिलं, अंजीर उचललं, तिथंच उभ्यानं खाल्लं आणि म्हणाले, "गोड आहे, रखमाजी."

पेढीवर आज पाचवी पिढी आहे. घरात उजव्या हातांना तोटा नाही. पण आजही सौदा पटला, की चौखंड्यांच्या पेढीवर अंजीर देतात ते डाव्याच हातानं, आणि घेणारा ते कपाळाला लावून घेतो. हं, धरा पाव्हणं. तुम्हीही घ्या.