नुसता गॅस

चूक नानाजींची होती. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं फुकट औषध दिलं, म्हणून गावात कुणी तसं म्हणणार नाही. पण होती.

"मग त्याला खोटं का सांगितलंत?"

पीयूषने हे तिसऱ्यांदा विचारलं. नानाजी अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. गावाला सुपारी सोडा म्हणून सांगणारा हा डॉक्टर स्वतः मात्र जेवणानंतर दोन खांडं खाल्ल्याशिवाय उठत नसे.

कापसाच्या मुलखातलं गाव. गावाबाहेर आश्रम आणि आश्रमात दोन खोल्यांचा दवाखाना. तिथले डॉक्टर नानाजी वैरागडे. पीयूष लांजेवार त्यांचा शिष्य. नागपूरला एम.डी. झाला आणि दर गुरुवारी आश्रमात येऊ लागला. फुकट यायचा, पण आल्याचं सगळ्यांच्या लक्षात राहील असा यायचा. आज गुरुवार नव्हता. तो भांडायलाच आला होता.

"डोमाजीला तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला होता. मागच्या गुरुवारी तुमच्या जुन्या रजिस्टरात सापडलं. तुम्ही त्याला सांगितलंत, गॅस धरला."

"हो."

"का?"

"जिनिंगमध्ये हमाल होता. मुकादमाच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर."

"बरं. त्या दिवशी नाही सांगितलं. पण नंतर? तीन वर्षं तुमच्याकडेच येत होता की."

"नंतर..." नानाजींचा अडकित्ता थांबला. "नंतर तो चांगला हसायला लागला होता."

मोठ्या माणसांचं हे असं असतं. दुसऱ्याचं दुखणं त्याच्यापासूनच लपवतात आणि वर त्याला माया म्हणतात.

"माझं एक अक्षर चुकलं नाही, नानाजी. सगळे अभ्यास वाचून आलो होतो. हजारो माणसं पाच-पाच वर्षं तपासलीत त्यांनी. ज्याला कधी अटॅक आला नाही, लकवा झाला नाही, अशा वयस्क माणसाला रोजच्या ॲस्पिरिनचा फायदा थोडा आणि रक्तस्रावाचा धोका जास्त. तुम्ही तर पन्नाशीच्या पुढच्या सरसकट सगळ्यांना देत होता."

"तेव्हा तसंच शिकवलं होतं."

"म्हणून तर त्या गुरुवारी ओसरीत सगळ्यांना बसवून सांगितलं. अटॅक आला नसेल त्यांनी ती बारकी गोळी बंद करा. येऊन गेला असेल त्यांनी मेलात तरी सोडू नका. दोनदा सांगितलं. मग म्हटलं, अटॅक येऊन गेलेल्यांनी हात वर करा."

"किती हात वर झाले?"

"चार."

"डोमाजीचा?"

पीयूषने मान फिरवली.

"तो हसला. म्हणाला, 'आपल्याले काई नाई बाप्पा, आपला त नुस्ता गॅस हाय.' सगळे हसले."

"तू?"

"...मीही."

बाहेर कुणीतरी बादली आपटून ठेवली. दोघंही उगाच तिकडे बघत राहिले.

डोमाजी नेवारे त्या गुरुवारपासून सहाव्या आठवड्यात गेला. जिनिंगच्या आवारात, पाठीवर कापसाचं पोतं असताना. खाली बसला तो उठलाच नाही.

"गोळी चालू असती तर वाचला असता?" नानाजींनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. वाचण्याची शक्यता जास्त होती."

"हं. तू खरं बोललास. मी खोटं बोललो. त्याने दोघांचंही ऐकलं."

"तेच म्हणतोय मी!" पीयूषचा आवाज चढला. "गावात काय बोलतात ठाऊक आहे? नव्या डॉक्टरने गोळी बंद केली आणि माणूस मारला. काल पानठेल्यावर एकाने तोंडावर सांगितलं. मागच्या गुरुवारी बारा माणसं आली, आधी साठ यायची. येत्या गुरुवारी तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, डोमाजीला मी फसवलं म्हणून. नाहीतर मी पुन्हा इथे पाय ठेवणार नाही."

नानाजी उठले, फळीवरून कापडाच्या दुकानाची एक मळकी पिशवी काढली आणि त्याच्यापुढे धरली. आत घडी घातलेले कागद दिसत होते.

पीयूषचा हात आपोआप वर गेला.

"कागद राहू द्या, आधी ऐका—"

आणि तो तिथेच थांबला.

हेच शब्द. हाच हात. त्या गुरुवारी, सगळे हसून उठल्यावर, डोमाजी हीच पिशवी पुढे करत आला होता.

नानाजींनी पिशवी तशीच धरून ठेवली. शेवटी पीयूषने ती घेतली. वरचाच कागद. नानाजींचं तिरकं इंग्रजी अक्षर, तीन वर्षांपूर्वीची तारीख, खाली लाल शाईने दोन रेघा मारलेलं: हार्ट अटॅक. ॲस्पिरिन आजन्म.

तीन वर्षं डोमाजी आपलं दुखणं काखेत मारून फिरला. आणि त्या दिवशी ओसरीवर ते वाचता येणारा माणूस एकच होता.

"तो मला हेच देत होता," पीयूष म्हणाला. "मी म्हटलं, कागद राहू दे..."

नानाजींनी अडकित्ता मिटून ठेवला.

"...तरी सुरुवात तुम्ही केलीत."

"हो. माझीच चूक."

हे एवढं ऐकायला तो चाळीस किलोमीटर गाडी हाणत आला होता. ऐकून त्याला काडीचंही बरं वाटलं नाही.

"ही पिशवी तुमच्याकडे कशी?"

"काल कौतिकाबाई आली होती घेऊन. डोमाजीची बायको. म्हणाली, यात काय लिवलं हाय ते वाचून दाखवा."

"मग?"

"वाचून दाखवलं."

"सगळं?"

"सगळं. गॅस नव्हता, तेही सांगितलं. तुझं नाव नाही घेतलं."

पीयूषला खाली बसावंसं वाटलं. तो बसला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'तुमाले मालूम होतं. मले सांगतलं असतं त म्या त्यायले पोतं उचलू देल्लं असतं काय जी?'"

"...रडली?"

"नाही. तिचं बीपी किती असतं, आठवतं तुला?"

"गोळ्या चुकल्या तर दोनशेच्या वर. दोन गोळ्या आहेत. का?"

नानाजींनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"तिने त्या माझ्यासमोर ठेवल्या. विचारलं, 'आन् ह्या खरंच कायच्या हायेत?' मी पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं, पीयूष. ती गोळ्या इथेच ठेवून गेली."