खिरापतीचा झाकलेला डबा

"बंद करा ती मुलींची शाळा! आजच्या आज!"

चंदनगडच्या राजाने मूठभर फुटाणे तोंडात टाकले आणि हुकूम सोडला. राजाचं नाव धैर्यशील, पण धीर औषधालाही नाही. उजव्या हाताला चांदीची वाटी, वाटीत फुटाणे. कारभार चालू, तोंडही चालू!

शाळा त्यानेच हौसेने काढली होती. बाहुल्या सुटलेल्या, पण अजून सासरी न गेलेल्या, अशा बारा-तेरा वर्षांच्या मुलींसाठी. त्यांना काय शिकवायचं आणि कसं, ते ठरवायचं काम शास्त्रीबुवांवर सोपवलं होतं. बुवांनी ते एका दमात ठरवलं: ताठ बसायचं, ऐकायचं, घोकायचं! मुलींनी दुसऱ्याच दिवशी बुवांना सळो की पळो करून सोडलं.

"महाराज, या वयाच्या मुली म्हणजे भट्टीतले फुटाणे!" शास्त्रीबुवा कळवळून म्हणाले. "एकीला गप्प करावं तर दुसरी उडते! कारण नसताना हसतात, कारण नसताना रुसतात, आणि प्रश्न तर असे विचारतात की... जाऊ द्या!"

"ऐकलंत ना? कुलूप लावा!" राजा म्हणाला.

तेवढ्यात दाराशी जमलेल्या मुलींमधून भिवरा पुढे आली. ती तांबटआळीतल्या तांबटाची लेक. शाळा बंद पडली की मार्गशीर्षात हिचे दोनाचे चार हात करायचे, असं तिच्या आत्याने ठरवूनच टाकलं होतं. नवरामुलगाही बघून ठेवला होता. भिवराला तो नको होता, शाळा हवी होती.

"महाराज, एक संधी द्या!"

राजा हट्टी खरा, पण पैज म्हटली की त्याचे डोळे चमकत. "देतो! उद्या तुम्ही सगळ्या जणी दरबारात घटकाभर बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, हलायचं नाही. आणि प्रश्न? एकही नाही! जमलं तर शाळा चालेल."

मुलींचे चेहरे उतरले. घटकाभर गप्प? त्यापेक्षा गड उचलायला सांगितला असता तर बरं!

भिवरा मात्र म्हणाली, "अट मान्य! पण महाराज, असं बसतात कसं ते आम्ही कधी पाहिलंच नाही. शास्त्रीबुवांनी सांगितलं खूप, दाखवलं कुठे? आधी आपण आणि दरबाराने बसून दाखवावं."

"हात्तिच्या! त्यात काय मोठंसं?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर शाळा कशी चालवायची ते तू सांगशील, आणि आम्ही निमूट ऐकू!" राजा गडगडाटी हसला.

दिवस नवरात्राचे होते. दुसऱ्या दिवशी भिवराने वडिलांनी घडवलेला घट्ट झाकणाचा पितळी डबा आणून सिंहासनासमोर ठेवला.

"हे काय गं?" राजाने विचारलं.

"आमच्या भोंडल्याची खिरापत, महाराज. गाणी झाली की डबा वाजवायचा आणि आत खायला काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं, अशी रीत आहे. पण आपल्याला काय त्याचं? आपण गप्प बसायचंय!"

फुटाण्यांची वाटी दूर सारली गेली. भोक पाडलेलं घटिकापात्र पाण्याच्या घंगाळात सोडलं. ते भरून बुडालं की घटका संपली. राजा ताठ बसला. दरबार ताठ बसला. आणि भिवराने डबा हळूच हलवला.

खुळखुळ!

सेनापतीने मान वाकडी केली. दिवाणजींनी नाक पुढे काढलं. शास्त्रीबुवा डोळे मिटून बसले होते, त्यांनी एक उघडला. राजा डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. भिवराने डबा पुन्हा हलवला.

खुळखुळ!

"खडीसाखर का गं?" राजा ओरडला!

मुली खो खो हसत सुटल्या. राजाने जीभ चावली. पण लगेच म्हणाला, "हरलो तर हरलो! आता बोलायला कोणाची चोरी आहे? सांग, खडीसाखर ना?"

"नाही, महाराज!"

"बदाम!" दिवाणजी म्हणाले.

"नाही!"

"थांबा हो, असं भलतंसलतं सुचवू नका! आधी विचारू या. गोड की तिखट?" शास्त्रीबुवा चक्क उठून उभे राहिले.

"दोन्ही नाही!"

"तळलेलं की भाजलेलं?"

"भाजलेलं!"

मग काय, दरबाराची आठवडीबाजारासारखी गत झाली. काजू झाले, पिस्ते झाले, मखाणे झाले. दरबारात आलेला पदार्थ म्हणजे तसाच तोलामोलाचा असणार! घटिकापात्र कधीच तळाला गेलं होतं. त्यावर नजर ठेवायला बसवलेला शिपाईच "अक्रोड! अक्रोड!" म्हणून ओरडत होता.

शेवटी राजा घामाघूम झाला. "पोरी, आता अंत पाहू नकोस. काढ झाकण!"

"आधी शाळेची किल्ली, महाराज!"

राजाने कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. भिवराने झाकण उघडलं.

आत फुटाणे होते.

राजा डब्यात बघतो, वाटीत बघतो, पुन्हा डब्यात बघतो. "अगं, हे तर आम्ही दिवसभर खातो!"

"खाता, महाराज. पण वाटीत उघडे येतात ना, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आज झाकून आणले तर सगळा दरबार त्यांच्यामागे वेडा झाला, आणि घटका कधी सरली तेही कळलं नाही! आमच्या वयाच्या मुलींची शाळा अशीच चालवायची. शास्त्रीबुवांकडचं ज्ञान चांगलंच आहे हो! फक्त त्यांना म्हणावं, जरा झाकून आणा आणि आम्हाला ओळखू द्या."

राजा इतका हसला, इतका हसला, की त्याला ठसका लागला. त्याने गळ्यातला कंठा काढून भिवराच्या गळ्यात घातला. आत्याला साडीचोळी गेली, आणि सोबत निरोप: 'भिवरा शाळेत आहे. तिच्या लग्नाची घाई करू नये, राजाज्ञा!'

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा शाळेत आले ते उपरण्याखाली काहीतरी लपवूनच. मुलींकडे बघून मिशीत हसले आणि म्हणाले, "हं, ओळखा!"