महाराजांच्या आकड्याचा चोपदार

राजवाड्याच्या घंटेने सकाळी दहाला दहा ठोके द्यायचे होते. ती वाजतच सुटली!

घंटेचा प्रोग्राम खुद्द भुजंगराजांनी लिहिला होता. महाराज नुकतेच बायनरी शिकले होते, म्हणजे नुसते शून्य आणि एक वापरून आकडे लिहायला. त्या रीतीने दहा म्हणजे 1010. तेवढं लिहून त्यांनी प्रोग्राम कंपायलरकडे दिला. कंपायलरने वाचलं, एक हजार दहा! आणि तसंच यंत्राच्या भाषेत उतरवून दिलं.

"माझा एकही अंक न बदलता घंटा दहावर आणा!" कानात कापूस कोंबत महाराज ओरडले.

"सोपं आहे," दरबारच्या प्रोग्रामर मंजुळाबाई म्हणाल्या. "आकड्याच्या पुढे 0b लावा. मग कंपायलरला कळतं, मागून बायनरी येतंय."

"माझ्या आकड्याच्या पुढे शून्य चालणार? आणि हा बी कोण लागून गेला? आजपासून पुढे चालणारे सगळे बंद!"

सटवाजी चोपदार दचकला. महाराजांच्या पुढे चालायचं आणि ललकारी द्यायची, एवढंच त्याला येत होतं. ललकारीही बेसूरच!

"मीपण बंद, महाराज?"

"तू पहिला!"

"मग एकदा एकटेच बाजारात जाऊन या. तरीही मी नको असेन, तर काठी ठेवून घरी जातो."

महाराज निघाले. अंगात जरीचा कोट, डोक्यावर तुरेदार पगडी.

"ओ बँडवाले!" भाजीवाली ओरडली. "वरात मघाशीच गेली की! पळा, नवरदेव खोळंबलाय!"

महाराज लालबुंद होऊन परतले. "मला बँडवाला म्हणाली!"

"कोट तोच, तुरा तोच," सटवाजी म्हणाला. "तुमच्यात काहीच बदललं नाही, महाराज. फक्त पुढे मी नव्हतो! तुमच्या 1010 चंही तेच झालंय. पुढून कुणी ललकारी दिली नाही, मग कंपायलरने ओळखायचं कसं? माझ्यासारखं एक शून्य रोज तुमच्यापुढे चालतंच ना? मग आकड्यापुढेही चालू द्या!"

महाराज एवढे हसले की कानातला कापूस उडाला! त्यांनी स्वतः 0b1010 लिहिलं आणि प्रोग्राम पुन्हा कंपाईल केला. घंटा दहा ठोके देऊन गप्प बसली.

सटवाजीची नोकरी राहिली. वर चांदीची काठी मिळाली आणि त्याच्यापुढे ललकारी द्यायला एक वेगळा चोपदार! "नाहीतर तुला तरी कोण ओळखणार?" महाराज म्हणाले.

संध्याकाळी सटवाजी आणि पुढे त्याचा नवा चोपदार, दोघे वाजतगाजत घरी पोचले. सटवाजीच्या बायकोने पुढच्याला पाट दिला, चहा दिला आणि मागच्याला विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर का?"