ठोसरबाईंची शहाणी जेली

एका गावात एक कॉलेज होतं, कॉलेजात प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेत एक भोळा शिपाई होता. नाव भिवा. सांगितलेलं काम तो अक्षर न् अक्षर करी. दुखणं तेवढंच होतं.

तिथं ठोसरबाई एक शहाणी जेली बनवत होत्या. कापली तरी पुन्हा सांधणारी. ती बघायला बडे पाहुणे येणार होते. ते खूश झाले तर प्रयोगशाळा राहणार होती. नाहीतर तिथं सायकली लावायच्या, असं ठरलं होतं.

एके सकाळी जेली भांड्यात घट्ट होत होती. भिवानं ती पळीनं ढवळली.

"अरे, काय केलंस हे!" बाई ओरडल्या. "त्यातले रेणू आपले आपण एकमेकांचे हात धरतात. आपण मध्ये पडायचं नाही. नुसतं बघायचं."

"व्हय बाई."

दुपारी चहाचा कप फुटला. भिवा तुकड्यांपुढे उकिडवा बसून बघत राहिला. प्राचार्यांचा पाय कापला, तरी तो मध्ये पडला नाही.

"अजून हात धरायचेत," तो म्हणाला.

"कपाला कसले हात, मेल्या! तुकडे झाले की सरळ कचऱ्यात टाकायचं!"

"व्हय बाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरावाला जेली मधोमध कापली आणि घड्याळ आणायला वळल्या. परत येतात तो जेली कचऱ्यात.

आता जेलीची एकच वडी उरली होती. बाईंनी भिवाला जवळ बोलावलं.

"भिवा, बाबा रे, हात जोडते तुला. रेणूंची पकड सैल असते, म्हणून सुटली तरी पुन्हा जमते. उद्या पाहुणे कापतील. कापलं की दोन्ही टोकं टेकवायची आणि दहा मिनिटं घट्ट धरायची. कुणी काही म्हणो, सोडायचं नाही."

"व्हय बाई."

पाहुणे आले. त्यांना घाई होती, पुढं पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. दारातली लाल फीत त्यांनी कात्रीनं कापली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात भिवा धावला, दारात आडवा उभा राहिला आणि त्यानं फितीची दोन्ही टोकं टेकवून घट्ट धरली.

"सोड ती!" प्राचार्य गरजले.

"कुणी काही म्हणो," भिवा म्हणाला.

"भिवा, अरे, मी सांगतेय, सोड!"

"बाई, तुमीबी त्यातच आला."

पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं आणि गाडीत बसून निघून गेले. बाई पायरीवर बसून ढसाढसा रडल्या.

भिवालाही वाईट वाटलं.

"पाव्हण्यांनाच दम न्हाई, बाई," तो म्हणाला. "नऊ मिनिटं झाली व्हती. आणिक एक मिनिट थांबले असते, तर फीत जुळलीच व्हती."